एक सेकंद चार दशांश

फिनलंडचा तो पोरगा माझ्यापेक्षा
एक सेकंद चार दशांशानं पुढं आहे.
तीच गाडी, तोच ट्रॅक, तितकंच पेट्रोल.
त्याच्या खिडकीबाहेर बर्फ असेल,
माझ्या खिडकीबाहेर सोलापूरचा एप्रिल.
रात्रीचे साडेअकरा, अशोक चौकाच्या मागं
पत्र्याची खोली अजून दुपारच धरून बसलेली.

स्टीअरिंग पुण्याहून आणलेलं, सेकंडहँड.
पेडल शहाबादी फरशीवर पुढं पळतं
म्हणून त्याच्यामागं सुताच्या कोनांची पेटी
आणि पेटीमागं भिंत.
जोरात ब्रेक मारला की पलीकडून
येमुलकाकू दोनदा ठोकतात.

पंधरा दिवस मी सगळं फिरवलं.
मागचा पंख एक घर खाली,
पुढची स्प्रिंग मऊ, मग कडक, मग परत मऊ,
टायरातली हवा, अँटीरोल बार, डिफरन्शियल,
ब्रेकचा तोल.
एकाच रात्रीत सात गोष्टी.
गाडी कधी वळायचीच नाही,
कधी स्वतःचंच शेपूट पकडायला निघायची.
आणि लॅप? एक अठ्ठेचाळीस सहा.
परत एक अठ्ठेचाळीस सहा.
वहीत आकडा तोच, पेन तेवढं बदललेलं.

नायना दुसऱ्या पाळीवरून आले.
तीस वर्षं जॉबर,
चोवीस मागांचं दुखणंखुपणं त्यांच्याकडं.
कान खडखडाटात केव्हाच गेले,
तेव्हापासून माग ऐकत नाहीत,
हात लावून बघतात.
डबा ठेवला, तांब्याभर पाणी प्यायले
आणि माझ्या टेबलावर पंजा टेकवला,
अंगठ्याचं नख नसलेला.

मी तिसऱ्या वळणात शिरलो.
"थांब. हितं काहीतरी घासायलंय."
स्क्रीनकडं बघतसुद्धा नव्हते.
"पुढचं चाक!" मी ओरडून सांगितलं.
"वळत नाही! सेटअप चुकलाय!"
"वळायच्या आधी काय करतोस बे?"
"ब्रेक!"
"आणि सोडतोस कसा?"
मी पाय उचलून दाखवला. धाडदिशी.

हसले नाहीत. दारात बसून चपला काढत म्हणाले,
"धागा तुटला तिथं नुसती गाठ मारून भागत नाही.
मागं जायचं, बीमपर्यंत.
आणि फिरवलेले सगळे नट पयल्या जागेवर आण.
मग एक फिरव. कापड बघ. मग दुसरा."
आणि चादर घेऊन गच्चीवर गेले.

सगळे आकडे कंपनीनं दिले तसे केले.
त्या रात्री फक्त पाय.
ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं येऊन बसतं,
बाजेच्या कडेवर पाहुणा बसावा तसं.
तो एकदम उठला तर बाज उलटते,
म्हणून त्याला सावकाश उठू द्यायचं,
वळण अर्धं होईपर्यंत.
हे कळायला मला पंधरा रात्री लागल्या
आणि पायाला कळायला अजून चार.

आधी तर हळूच झालो. एक एकोणपन्नास दोन.
मी वही मिटली, उघडली.
मग एक अठ्ठेचाळीस एक.
मग मागचा बार, एकच घर मऊ,
आणि दहा लॅप दुसऱ्या कशाला हात नाही.
एक सत्तेचाळीस नऊ.
नाक आत गेलं, मागचं चाक शहाण्यासारखं मागून आलं,
आणि मी काहीच केलं नाही असं वाटलं.

सकाळी नायनांनी मान हलवून विचारलं, किती?
अजून सात दशांश मागं आहे,
म्हणून मी सात बोटं दाखवली.
"परत सातही फिरवलेस?"
नाही हो, म्हणेपर्यंत
ते जिना उतरून गेलेसुद्धा.

कोनांची पेटी मालकानं परत मागितली होती.
रात्री बघतो तर तिच्या जागी
मागाच्या बीमला लटकवतात ते बीडाचं वजन,
खाली गोणपाटाची घडी.
मी पूर्ण जोरानं ब्रेक दाबला.
पेडल जागचं हललं नाही.
येमुलकाकूंची वाट पाहिली थोडा वेळ,
मग तिसरं वळण आलं.